रेघेत ठेवलेलं दार

मी बोलतेय. नानासाहेबांच्या दवाखान्यात, कापसाच्या डब्याशेजारच्या काचेच्या पेल्यात बोरूच्या नळीत खोचलेली जी जांभळी पेन्सिल उभी दिसते ना, ती मी. आवाज जरा कापतोय, तेवढं सांभाळून घ्या. मी जन्माची भित्री नाही, या दवाखान्यात आले आणि भित्री झाले.

माझ्यासारखीला कॉपिंग पेन्सिल म्हणतात. कोरडी असताना मी साधी करडी दिसते. पण ओल लागली की माझ्या पोटातला जांभळा रंग फुटतो, आणि एकदा फुटला की तो सहजी जात नाही. कुठल्याही धोब्याला विचारा, तो माझ्या नावानं शिव्या देईल. पार्सलांवर, गोणपाटावर, लाकडावर, जिथं लिहिलेलं पुसलं जाऊ नये तिथं मला बोलावतात. माझी घडण कुठल्या कारखान्यात झाली ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या डब्यात अकरा बहिणींबरोबर झोपून मी पुण्याला आले, आणि तिथून चिंचवड स्टेशनजवळच्या इकबालभाईंच्या लाकडाच्या वखारीत.

ते दिवस चांगले होते. चोपन्न साल असेल. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, आसपास मजुरांच्या झोपड्या पडत होत्या, आणि वाशा-फळ्यांना मागणी इतकी की इकबालभाईंना जेवायला सवड नसे. ते मला कानावर अडकवत. फळी मोजली की मला काढत, जिभेला लावत आणि रेघ ओढत. त्यांची जीभ कायम जांभळी असे आणि घरात मदिनाभाभी त्यावरून त्यांना चिडवत. मी ओढलेल्या रेघेवरच करवत चाले. लाकूड काही जागचं हलत नाही, त्यामुळं माझी रेघ खोटी पडेल अशी शंका मला कधी शिवली नाही.

मग इकबालभाईंच्या मानेवर फोड आला. त्यांनी आठवडाभर तो रुमालाखाली लपवला. माणसांची ही एक खोड मी पुढं फार पाहिली. पाय मोडला तर अख्ख्या गावाला दाखवतील, पण कातड्यावर काही उठलं की झाकून ठेवतील, जणू काही चोरी केली आहे. शेजाऱ्यानं चुना आणि गूळ लावायला सांगितला, तो लावून झाला. केसतूड आहे, आपोआप फुटेल, असं सगळे म्हणाले. शेवटी मान वळेना तेव्हा भाभींनी त्यांना हाताला धरून नानासाहेबांकडं आणलं. मी कानावर होतेच.

नानासाहेब डॉक्टर म्हणजे उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी फोडाला हात लावण्याआधी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या नर्स कुसुमताईंना म्हणाले, "मोजा, किती तोंडं आहेत?"

"पाच दिसतात," कुसुमताई म्हणाल्या.

"केसतुडाला एक तोंड असतं. हे आतून एकमेकांना जोडलेलं आहे. ही काळपुळी. इकबालभाई, तहान फार लागते का? लघवीला सारखं उठावं लागतं?"

इकबालभाई चकित झाले. मान दाखवायला आलो आणि हे लघवीचं काय विचारतात? पण लागत होती तहान. साखरेचं दुखणं असलं की अशा पुळ्या माजतात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लघवी तपासायला ठेवून घेतली. मग त्यांना मानेवरची लाली कुठवर आहे ते नोंदवायचं होतं. टाक कातड्यावर चालेना. त्यांनी इकबालभाईंच्या कानावरून मला उचललं, जिभेकडं न नेता ओल्या कापसाला टेकवलं, आणि लालीच्या कडेकडेनं एक गोल ओढला.

"लाली या रेघेबाहेर गेली तर दुपार असो की पहाट, माझ्याकडं यायचं," ते म्हणाले. "आणि ही पेन्सिल मला द्या. तोंडात घालायची वस्तू नव्हे ती."

त्या दिवशी पहिल्यांदा मी जिवंत माणसावर रेघ ओढली. कातडं गरम होतं आणि माझ्याखाली धडधडत होतं.  इकबालभाई बरे झाले, आणि मी दवाखान्यात राहिले.

तिथं मी पुष्कळ शिकले, म्हणजे कुसुमताई शिकल्या आणि मी पेल्यातून ऐकलं. पोरांच्या नाकाखाली मध वाळल्यासारख्या पिवळ्या खपल्या दिसल्या की त्या एकाच पंच्यानं घरातल्या चार पोरांची तोंडं पुसल्यानं पसरतात. नखाच्या कडेला सुजून ठणकतं ते नखुरडं. एकच टोक धरून वर आलेला, मधोमध केस असलेला तो केसतूड. "आधी डोळ्यांनी बघा, मग बोटाच्या मागच्या बाजूनं ऊब बघा, आणि सगळ्यांत शेवटी दाबा," नानासाहेब सांगत. "आणि रोगी दुखण्याचं काय नाव सांगतो ते ऐका, पण त्यावर विसंबू नका."

या सगळ्यांना मी भीत नव्हते. मला भीती बसली ती धावऱ्याची, म्हणजे कातड्यातून धावत पसरणाऱ्या लालीची. रंगराव नावाचे एक पेन्शनर हवालदार देहूरोडहून आले होते. नाकाशेजारी लाल चकाकता चट्टा होता, कड इतकी स्वच्छ की नकाशावरची हद्द वाटावी, आणि अंगात हुडहुडी भरलेली. नानासाहेबांनी माझ्याकडून कडेनं रेघ ओढली, सुई दिली आणि इथंच थांबा म्हणाले. रंगराव हसले. युद्ध पाहिलेला माणूस मी, चट्ट्याला काय भ्यायचं, असं म्हणून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून आणलं तेव्हा डोळे सुजून मिटले होते आणि लाली माझी रेघ ओलांडून कपाळावर गेली होती. त्यांना पुण्याला हलवलं. ते परत आले नाहीत.

त्या दिवसापासून माझं टोक कुणाच्या कातड्याला टेकलं की माझ्या मनात एकच विचार येतो. ही रेघ ओलांडली जाईल का? माझ्या हातात काहीच नाही. लालीला मी अडवू शकत नाही. ती सरकते आहे की थांबली आहे, एवढंच मी दाखवू शकते. म्हणून रेघ जिथं ओढली तिथंच राहिली पाहिजे. ती जागा चुकली तर डॉक्टरांचा सगळा हिशेब चुकेल आणि माणूस जाईल. ही भीती मी मनात धरून होते, आणि नेमकं तेच भैरूच्या बाबतीत घडलं.

भैरू पारनेरकडचा. कामासाठी बायको आणि आईला घेऊन आलेला. पिंपरीच्या बांधकामावर त्याचं काम म्हणजे नव्या विटकामावर पाणी मारणं. दिवसभर पाय ओले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यांना तो रात्री मेंदी लावी आणि सकाळी परत पाण्यात उभा राही. एके दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी उजवी पोटरी लालभडक होऊन सुजली. जहीरच्या टांग्यातून त्याला दवाखान्यात आणलं. बरोबर बायको यशोदाबाई, चौथी शिकलेली, काटक बाई, आणि आई कौशल्याबाई.

कौशल्याबाईंनी डॉक्टरांना विचारायची वाटच पाहिली नाही. "नागीण हाय ती," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं कुंभार गेरूनं चितारतो, मंग उतरती. पर हितं कुंभार कुठं गावायचा?"

नानासाहेबांनी पाय उजेडाकडं वळवला. "आजी, नागीण शरीराच्या एकाच बाजूनं पट्ट्यासारखी उठते. तिच्यात पाण्याचे बारीक फोड घोळक्यानं असतात, आणि फोड यायच्या आधी तिथं आग होते. इथं फोड आहेत का? नाहीत. इथं सगळी पोटरी एकसारखी लाल आहे, कड उचललेली आहे, आणि हा इतका ताप." मग त्यांनी भैरूच्या पायाची बोटं फाकवून बेचकं दाखवलं. "आणि हे बघा दार. इथून ते आत शिरलं. हे धावरं आहे."

कौशल्याबाईंनी मान हलवली, पण डोळे तसेच राहिले. मी पेल्यातून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला ओळखीची वाटली.

नानासाहेबांनी पेनिसिलिनची सुई दिली. "तू ज्या भिंतींना पाणी मारतोस ना भैरू," ते म्हणाले, "त्यांच्या आत हेच औषध तयार होणार आहे. सध्या ते साता समुद्रापलीकडून येतं." भैरूला हसू आलं, पण दात वाजत होते. मग डॉक्टरांनी मला घेतलं. लाली पोटरीला सगळीकडून वेढून वर चढत होती, त्यामुळं माझी रेघही पायाभोवती पुरी फिरली आणि जिथून निघाली तिथं येऊन मिळाली. गुडघ्याखाली चार बोटांवर एक जांभळं कडं झालं. शेजारी त्यांनी तारीख आणि वेळ लिहिली: १४, सकाळी ९.

"लाली कडं ओलांडून वर गेली तर मला लगेच कळलं पाहिजे. एका सुईनं ती थांबली तर रोज एक सुई पुरे. नाही थांबली तर दर सहा तासांनी द्यावी लागेल आणि त्याला इथं आणून ठेवावं लागेल. पायावर गेरू, चुना, तेल, काही लावायचं नाही."

झोपडीत भैरूला निजवून कुसुमताई निघाल्या तेव्हा त्यांनी मला यशोदाबाईंच्या हातात दिलं. "मला संध्याकाळी उशीर झाला तर लाली जिथं असेल तिथं ओल्या फडक्यानं टोक भिजवून एक टिंब दे. कळलं? मला ती पेन्सिल परत हवी आहे."

यशोदाबाईंनी मला पदराच्या टोकाला बांधलं. दवाखान्यात आल्यापासून बाहेरची माझी ती पहिलीच वस्ती. पत्र्याची झोपडी, तीन दगडांची चूल, आणि खाली गोणपाटावर कण्हणारा भैरू.

दुपारी कौशल्याबाई बाहेरून आल्या. चिंचवड गावात जाऊन त्यांनी कुंभाराकडून गेरूची पुडी आणली होती, डॉक्टर नको म्हणाले तरी जवळ असावी म्हणून. पुडी ठेवून त्या लेकाच्या पायाशी बसल्या, त्यांनी चादर बाजूला केली, आणि माझं कडं त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं. सकाळी दवाखान्यात रेघ ओढली तेव्हा त्या बाहेर जाऊन बसल्या होत्या.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "यशोदे," त्या म्हणाल्या, "ह्यो वेढा कुनी घातला?"

"डाक्टरांनी. लाली कुठवर हाय त्ये समजायला."

"तोंड आन शेपूट जुळवलंय त्यांनी." त्या म्हणाल्या. "नागिणीचा वेढा पुरा झाला की मानूस ऱ्हात न्हाई. माझा भाऊ असाच गेला. कमरेला वेढा पुरा झाला आन सकाळी त्यो नव्हता."

"आत्याबाई, नागीण न्हाई म्हनालेत की."

"ती नसंल बी. पर वेढा तर घातलाय ना? पूस त्यो."

 यशोदाबाई नाही म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. पण सासू रडायला लागली आणि तापात भैरूही काहीतरी पुटपुटायला लागला. कौशल्याबाईंनी स्वतःच फडकं पाण्यात बुडवलं. पाण्यानं मी आणखी जांभळी झाले, पुसले गेले नाही. तेव्हा त्यांनी खोबरेल घेतलं आणि चोळायला सुरुवात केली. भैरू कळवळत होता. तेलानं रेघ फिकी झाली, तारीख फिकी झाली, आणि बघता बघता दोन्ही दिसेनाशी झाली. माझं लिहिणं असं पुसलं गेल्याचं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पेन्सिलीला कसलं तोंड.

मग यशोदाबाईंच्या लक्षात आलं. "आता ताई आल्यावर काय सांगायचं? रागावत्याल. सुई द्यायचं बंद करत्याल."

"दुसरी रेघ मार. पर जुळवू नको. मागं जागा ठेव, दुखन्याला भाईर जायला वाट ठेव."

यशोदाबाईंनी मला पदरातून सोडवलं. पहिल्या जागी टोक टेकवलं तर भैरू किंचाळला. एवढ्या चोळण्यानं आणि तापानं ती जागा पेटली होती. लाली तोवर तिथून दोन बोटं वर गेली होती, पण त्या दोघींना ते कळलं नाही, त्यांना वाटलं चोळल्यानं लाल झालंय. जिथं लागत नव्हतं तिथं, गुडघ्याच्या अगदी खाली, निरोगी कातड्यावर यशोदाबाईंनी रेघ ओढली आणि मागं बोटभर जागा सोडली. तारीख लिहायची त्यांना आठवण राहिली नाही.

ती खोटी रेघ माझ्या टोकानं ओढली गेली. माझा इलाज नव्हता, पण ओढली मीच.

संध्याकाळी कुसुमताई घाईघाईनं आल्या. थेरगावहून एका बाळंतिणीला पाहून त्या दमून आल्या होत्या. त्यांनी चादर उचलली, कंदिलाच्या उजेडात रेघ पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "लाली रेघेच्या आत दोन बोटं उतरली की गं. सुई लागू पडली. डॉक्टरांना सांगते, रोज एकच सुई पुरे." त्यांनी कपाळाला हात लावला, ताप होता, पण ताप उतरायला वेळ लागतो असं त्या म्हणाल्या. मी यशोदाबाईंच्या पदरात होते. सांगा, सांगा, असं मी मनातल्या मनात यशोदाबाईंना म्हणत होते. त्यांचे ओठ हललेही. मग सासूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांनी चादर पायावर ओढली.

ती रात्र मी पदराच्या गाठीत काढली. त्या रात्रीबद्दल मला काही सांगवत नाही. सहा तासांनी मिळायला हवी होती ती सुई भैरूला मिळत नव्हती, आणि हे सगळ्या चिंचवडात फक्त मला ठाऊक होतं.

सकाळी कुसुमताई सुई घेऊन आल्या तेव्हा भैरूला त्यांची ओळख पटेना. तो पारनेरच्या कुठल्या विहिरीबद्दल बोलत होता. लाली रेघेला येऊन टेकली होती. कुसुमताईंच्या कपाळाला आठी पडली.

"काल दोन बोटं खाली होती ना? मग पुन्हा वर कशी आली? पण आहे तर आतच." त्यांनी रेघेकडं नीट पाहिलं. "आणि डॉक्टरांनी तारीख घातली होती. ती कुठं गेली?"

कौशल्याबाई चुलीकडं वळल्या. कुसुमताईंनी हात पुढं केला आणि यशोदाबाईंनी मला त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांना आजची तारीख पोटरीवर घालायची होती. त्यांनी मला ओल्या कापसाला लावलं आणि कातड्यावर टेकवलं.

मी उमटले नाही. तेलावर मी घसरले. कुसुमताईंनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा घसरले. ते तेल होतं म्हणून, पण मला विचाराल तर त्या दिवशी मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावून घसरत होते.

"पाय तेलकट कसा? तेल लावू नका म्हटलं होतं." त्यांनी पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि पोटरी पुसली.

स्पिरिट लागलं, तेल निघालं, आणि कातड्याच्या बारीक चिरांत, केसांच्या मुळांशी माझे जे कण दडून बसले होते ते फुटले. कापूस जांभळा झाला. मग पायावर, गुडघ्याखाली चार बोटांवर, एक पुसट कडं वर आलं. त्याच्याशेजारी आकडे आले. १४. सकाळी ९.

कुसुमताई ते आकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वरची रेघ पाहिली आणि दोन रेघांमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"यशोदा, वरची रेघ कुणी ओढली?"

यशोदाबाई खाली बसल्या. "मी वढली, ताई. आत्याबाईंनी पुसली न्हाई, मीच पुसली."

"न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "खोटं कशापायी बोलतीस? म्या पुसली. वेढा पुरा झाला व्हता. माझा ल्योक गेला असता."

कुसुमताई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. त्या दारात जाऊन जहीरला हाका मारत सुटल्या.

टांग्यात भैरूला आडवा घातला. मी कुसुमताईंच्या मुठीत होते, आणि त्यांनी मला इतकं आवळलं होतं की माझ्या लाकडावर नखांच्या खुणा उमटल्या. दवाखान्यात नानासाहेबांनी दोन्ही रेघा पाहिल्या आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही. "चोवीस तासांत चार बोटं," ते म्हणाले. "आणि मी घरी निवांत जेवलो." त्यांनी मोठी सुई भरली. दर सहा तासांनी द्यायची असं ठरलं. लाली गुडघा ओलांडून मांडीत गेली तर पुण्याला न्यायचं, आणि तोवर उशीर झालेला असेल हे त्यांनी न बोलताच सगळ्यांना कळलं.

मग त्यांनी मला उचललं. गुडघ्याच्या कडेकडेनं नवी रेघ ओढायला घेतली. मी अर्धी फिरले, पाऊण फिरले. इतक्यात एका सुरकुतलेल्या हातानं डॉक्टरांचं मनगट धरलं.

"डाक्टर, जुळवू नका." कौशल्याबाई उभ्या होत्या. "मी आता पुसनार न्हाई. शपथ घेते. पर जुळवू नका. मी बघू शकनार न्हाई."

नानासाहेब चिडले. मी त्यांच्या बोटांतून ते ओळखलं, त्यांची बोटं ताठ झाली. कुसुमताईंनी मान खाली घातली. भैरू विहिरीबद्दल बडबडत होता.

"माझंच चुकलं," नानासाहेब शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "काल मी तुम्हाला विचारलं नाही की वेढा म्हटल्यावर तुम्हाला काय वाटतं. नाव काय सांगता ते ऐकलं, पण भीती कसली ते ऐकलं नाही. कुठं जागा ठेवू, आजी?"

"मागं. खाली जायच्या बाजूला."

"तिथं तुमचं बोट ठेवा."

कौशल्याबाईंनी गुडघ्यामागं आपलं बोट ठेवलं. मी एका बाजूनं त्या बोटापाशी येऊन थांबले, मग दुसऱ्या बाजूनं येऊन थांबले. त्यांनी बोट काढलं तेव्हा तिथं बोटभर कोरं कातडं राहिलं. डॉक्टरांनी तारीख घातली. "आता ही रेघ तुमची आणि माझी दोघांची," ते म्हणाले. "लाली हिच्याजवळ आली की मला तुम्ही सांगायचं."

दोन दिवस त्या माउलीनं डोळा लावला नाही. दर थोड्या वेळानं त्या चादर उचलत आणि रेघेपासून लालीपर्यंत बोटं मोजत. पहिल्या संध्याकाळी लाली माझ्यापासून अर्ध्या बोटावर होती. मी पेल्यात उभी राहून पाहत होते आणि मला वाटत होतं की ही आता मला ओलांडणार. दुसऱ्या सकाळी कौशल्याबाई डॉक्टरांच्या टेबलाशी आल्या. "अर्ध्या बोटावरच हाय," त्या म्हणाल्या, "पर पुढं सरकली न्हाई." दुपारी त्यांनी अंतर एक बोट झाल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी भैरूनं आईला ओळखलं आणि भाकरी मागितली.

तेव्हापासून नानासाहेब कुणाच्याच अंगावर रेघ पुरी करत नाहीत. आधी विचारतात, घरात कुणाला वेढ्याची भीती आहे का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही म्हणतं. दोघांच्याही रेघेत ते बोटभर जागा सोडतात आणि मापासाठी तिथं घरातल्याच माणसाचं बोट ठेवायला लावतात. त्या जागेला दवाखान्यात सगळे दार म्हणतात. दार ठेवलेली रेघ आजवर कुणी पुसली नाही.

याला आता चार वर्षं होत आली. पिंपरीच्या कारखान्यात औषध बनू लागलं. भैरू त्याच भिंतींच्या आत माळीकाम करतो आणि बोटांची बेचकं रोज कोरडी करतो. मी झिजून पेरभर राहिले. मला धरायला जमेना म्हणून कुसुमताईंनी बोरूच्या नळीत खोचून ठेवलंय.

आज सकाळी यशोदाबाई टांग्यातून सासूला घेऊन आल्या. कौशल्याबाईंना थंडी वाजत होती. डाव्या पायाच्या पोटरीवर लाल, चकाकता, कड उचललेला चट्टा होता.

"धावरं हाय," कौशल्याबाईच म्हणाल्या. "नागीण न्हाई. फोड न्हाईत, दोन्हीकडून लाल हाय, आन बेचकं फुटलंय. लवकर आले, डाक्टर. सकाळीच दिसलं."

नानासाहेबांनी सुई दिली आणि मला नळीसकट उचललं. त्यांनी मला ओल्या कापसाला टेकवलं. कितीही वेळा केलं तरी माझी भीती जात नाही, आणि हे माझं बहुधा शेवटचं कडं. नळीच्या तोंडापलीकडं मी आता जेमतेम दाण्याएवढी उरलेय.

कौशल्याबाईंनी न सांगता पोटरीच्या मागं आपलं बोट ठेवलं. मी दोन्ही बाजूंनी त्या बोटापाशी येऊन थांबले.

आता संध्याकाळ होत आलीय. त्या आतल्या खाटेवर आहेत, यशोदाबाई पायाशी बसून बोटं मोजतायत, आणि मी पेल्यातून कान देऊन आहे. मी पुन्हा लिहू शकेन की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. अंगावर काही लाल, गरम, सरकतं दिसलं तर झाकू नका. कुणी त्याच्याभोवती रेघ ओढली आणि तुम्हाला तिची भीती वाटली, तर तसं बोलून दाखवा, हवं तर दार मागून घ्या. पण रेघ पुसू नका.

यशोदाबाईंनी आत्ता चादर उचलली. थांबा. त्या काय म्हणतायत ते मला ऐकू द्या.

"ताई," त्या आतून म्हणतायत, "रेघंपाशीच हाय. पुढं गेली न्हाई."